क्षण गोठवणारे एजर्टन

दुधाच्या पातळ थरावर एक थेंब पडतो आणि डोळ्याचे पाते लवण्याआधी तेथे मोत्यांनी मढवल्यासारखा मुकुट उभा राहून विरून जातो. १९५७ मधील हे रंगीत छायाचित्र जगभर गाजले. ते टिपणारे प्रा. हॅरॉल्ड एजर्टन मात्र स्वतःला कलावंत म्हणवून घ्यायला कधीच राजी नव्हते. ते विद्युत अभियंता होते, आणि त्या मुकुटामागे खरोखर उभी होती ती हजारो व्होल्टची वीज.

एजर्टन यांचा जन्म ६ एप्रिल १९०३ रोजी अमेरिकेतील नेब्रास्का राज्यातल्या फ्रिमाँट येथे झाला. बालपण ऑरोरा या लहानशा गावात गेले. नेब्रास्का विद्यापीठाची पदवी १९२५ मध्ये मिळवून ते पुढे मॅसेच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत (एमआयटी) दाखल झाले आणि आयुष्यभर तेथेच रमले. मोठ्या विद्युत मोटारींचा अभ्यास करताना त्यांच्या एक गोष्ट ध्यानी आली. पाऱ्याच्या वाफेच्या नळीतील प्रकाशाची उघडझाप मोटारीच्या फेऱ्यांशी जुळली की गरगर फिरणारा भाग जागीच थांबल्यासारखा दिसे. या निरीक्षणातून त्यांचा स्ट्रोबोस्कोप साकारला. १९३१ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

त्यांच्या उपकरणाचे मर्म साधे होते. वीज कपॅसिटरमध्ये सावकाश साठवायची आणि वायूने भरलेल्या नळीतून एका फटक्यात सोडायची. शंभर मायक्रोफॅरडचा कपॅसिटर चार हजार व्होल्टला भरला, तर त्यात ८०० ज्यूल ऊर्जा साठते. ऐंशी वॉटचा दिवा दहा सेकंदांत खातो, तेवढीच ही वीज! पण तीच एक सहस्रांश सेकंदात बाहेर पडली की तिची शक्ती आठ लाख वॉट होते.

यातच या उपकरणांचा धोका दडलेला आहे. घरातील दिव्याचे बटण बंद केले की विषय संपतो; येथे बटण बंद केल्यावरही मृत्यू डब्यात दबा धरून बसलेला असतो. म्हणून अशा यंत्राचे झाकण उघडताच पुरवठा आपोआप तुटावा, साठलेली वीज आधी रोधकातून जिरवावी, मग अर्थिंगच्या दांड्याने दोन्ही टोके जोडावीत आणि काम संपेपर्यंत ती तशीच जोडलेली ठेवावीत, अशी शिस्त पाळावी लागते. अखेरची खबरदारी अनेकांना अनाठायी वाटते. परंतु रिकामा केलेला कपॅसिटर काही वेळाने आपल्या आतील पदार्थात मुरलेल्या विद्युतभारामुळे पुन्हा थोडा भरतो. शिवाय यंत्राजवळ एकट्याने काम करू नये, आणि शक्यतो एक हात खिशात ठेवावा. म्हणजे विजेचा प्रवाह एका हातातून दुसऱ्या हाताकडे जाताना हृदय गाठत नाही.

दुसऱ्या महायुद्धात एजर्टन यांनी हेच तंत्र विमानात बसवले. त्यापूर्वी रात्री आकाशातून छायाचित्रे घेण्यासाठी प्रकाश देणारे बॉम्ब खाली टाकावे लागत. एजर्टन यांचा दिवा मात्र पुन्हा पुन्हा लखलखू शके. इंग्लंडमध्ये रात्रीच्या अंधारात स्टोनहेंजचे छायाचित्र घेऊन त्याची चाचणी झाली आणि जून १९४४ मध्ये नॉर्मंडीवरील चढाईच्या वेळी तो प्रत्यक्ष कामी आला.

त्यापुढचे काम अधिक गुंतागुंतीचे, आणि नैतिकदृष्ट्या अधिक अवघडही. केनेथ जर्मेसहाउझेन व हर्बर्ट ग्रियर या सहकाऱ्यांसह त्यांनी १९४७ मध्ये ईजी अँड जी ही कंपनी स्थापली. अणुबॉम्बच्या चाचण्यांतील वेळेचे नियंत्रण आणि स्फोटाचे संकेत देण्याचे काम तिच्याकडे होते. त्या स्फोटाचे पहिले क्षण टिपायचे तर प्रकाश मुबलक होता. तो अडवणेच कठीण होते. कोणतेही यांत्रिक शटर इतके चपळ असणे शक्य नव्हते. म्हणून रॅपाट्रॉनिक कॅमेऱ्यात परस्परांना छेद देणाऱ्या दोन ध्रुवक पट्ट्यांमध्ये काचेचा ठोकळा ठेवून त्याभोवती तारेचे वेटोळे दिलेले असे. एरवी प्रकाश अडे. कपॅसिटरची वीज वेटोळ्यात सुटली की तिच्या चुंबकीय क्षेत्रामुळे प्रकाशाच्या ध्रुवणाची दिशा वळे आणि काही मायक्रोसेकंदांपुरते दार उघडे. एका कॅमेऱ्यातून एकच चित्र मिळत असल्याने अनेक कॅमेरे ओळीने मांडावे लागत. या चित्रांतील आगीचा गोळा एखाद्या सजीव प्राण्यासारखा, भेसूर दिसतो. आजच्या प्रयोगशाळांतील गेटेड कॅमेरे प्रतिमावर्धक नळीवर उच्चदाबाचा स्पंद देऊन नॅनोसेकंदांपुरते उघडतात; त्यांची तऱ्हा वेगळी असली तरी साठवलेल्या विजेचा धाक तोच आहे.

१९५३ पासून एजर्टन झाक कूस्तो यांच्याबरोबर समुद्राच्या तळाकडे वळले. तेथील खलाशी त्यांना प्रेमाने ‘पापा फ्लॅश’ म्हणत. अमेरिकन यादवी युद्धात बुडालेल्या ‘मॉनिटर’ या युद्धनौकेचा १९७३ मध्ये शोध लागला, त्यातही त्यांच्या सोनारचा वाटा होता.

विद्यार्थ्यांमध्ये ते ‘डॉक’ म्हणून परिचित होते आणि निवृत्तीनंतरही एमआयटीत येत राहिले. ४ जानेवारी १९९० रोजी तेथील प्राध्यापकांच्या क्लबमध्येच त्यांचे निधन झाले. दोन वर्षांनी त्यांच्या नावाचे केंद्र त्याच संस्थेत सुरू झाले.