चिंतामणरावांची नाममुद्रा

११ ऑगस्ट १९४३ रोजी चिंतामण द्वारकानाथ देशमुख रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले आणि चलनी नोटांवर गव्हर्नर म्हणून प्रथमच एका भारतीयाची स्वाक्षरी उमटली. १८९६ मध्ये रायगडाच्या परिसरातील नाते या गावी त्यांचा जन्म झाला. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनाच मिळाली. केंब्रिजमध्ये त्यांनी वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक मिळवले आणि १९१८ मध्ये आय.सी.एस. परीक्षेत प्रथम स्थान पटकावले. एवढ्या यशानंतर आपण कोणत्याही कामास योग्य आहोत असे वाटू लागते. चिंतामणरावांना मात्र आपले बळ नेमके ठाऊक होते. विषयाच्या मुळाशी जाणे, हिशेब चोख ठेवणे आणि पटलेल्या मतावर शांतपणे ठाम राहणे, हे ते बळ. सभा जिंकणे हा त्यांचा पिंड नव्हता.

१९५० मध्ये ते केंद्रीय अर्थमंत्री झाले. इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, ते त्यांच्याच कारकिर्दीत. पण त्यांची खरी कसोटी लागली १९५६ मध्ये. मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय पुढे आला. लोकसभेत ते कुलाब्याचे प्रतिनिधी होते. त्यांना हा निर्णय मान्य नव्हताच, शिवाय मंत्रिमंडळात पुरेसा विचार न होता तो घेतला गेला, याचाही त्यांना तीव्र आक्षेप होता. त्यांनी मंत्रिपद सोडले आणि आपली भूमिका लोकसभेत सविस्तर मांडली. त्या क्षणी महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले. त्या लाटेवर स्वार होऊन आंदोलनाचा पुढारी होणे त्यांना अवघड नव्हते. ते त्या वाटेला गेले नाहीत.

ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले आणि पुढे १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. लोदी उद्यानालगतच्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरचे ते संस्थापक अध्यक्ष. कालिदासाचे मेघदूत मराठीत आणणाऱ्या या अर्थतज्ज्ञाला विद्वानांच्या मेळाव्यात परकेपणा वाटण्याचे कारणच नव्हते.

१९६९ मध्ये मात्र ते राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत उतरले आणि तिसऱ्या स्थानी राहिले. पक्षांच्या रस्सीखेचीचे ते मैदान त्यांचे नव्हते, असेच म्हणावे लागेल.

२ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादेत त्यांचे निधन झाले. दिल्लीत इंडिया इंटरनॅशनल सेंटरच्या सभागृहाला त्यांचे नाव आहे.