एक्स्प्लेनर : पॉवर स्टिअरिंगचे तेल रंगावरून ओळखता? आधी लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट वाचा

गाडीचे स्टिअरिंग जड झाले, बॉनेट उघडले, टाकीतले तेल लालसर दिसले आणि दुकानातून लाल तेल आणून ओतले. सातारा-सांगली पट्ट्यात अनेक गाडीमालक असेच करतात. पण रंग ही तेलाची खात्रीची ओळख नाही. रंगानेच दगा दिला म्हणून चित्रकलेचे शिक्षण सोडणारा एक तरुण पुढे याच भागात यंत्रांचा कारखाना उभारून गेला. त्यांचे नाव लक्ष्मणराव किर्लोस्कर.

चित्रकार व्हायचे होते, मग यंत्रांकडे कसे वळले?

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. मात्र आपल्याला काही रंग ओळखता येत नाहीत, हे तिथे लक्षात आले. रंग सुटले, रेषा सुटली नाही. ते यंत्रांची रेखाटने शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये (आजचे व्हीजेटीआय) शिक्षक झाले. हक्काची बढती डावलली गेल्यावर त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला.

पहिला धंदा कोणता?

सायकलींचा. बंधू रामूअण्णांसोबत बेळगावात दुकान होते. सायकल ७०० ते १००० रुपयांना विकली जाई आणि चालवायला शिकवण्याचे १५ रुपये वेगळे. पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर आले. लोखंडामुळे जमीन विषारी होते, असा समज तेव्हा होता. त्यामुळे पहिला नांगर विकायलाच सुमारे दोन वर्षे लागली.

किर्लोस्करवाडी कशी वसली?

नांगराला गिऱ्हाईक मिळू लागले, तोच बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा खाली करायला सांगितले. यंत्रे होती, कामगार होते, जागा नव्हती. त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि १० हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. निवडुंग आणि नागांनी भरलेल्या त्या माळावर १९१० मध्ये कारखाना आणि वसाहत उभी राहू लागली. तेव्हा लक्ष्मणराव ४० वर्षांचे होते. वसाहतीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. शिक्षा भोगून आलेल्यांनाही त्यांनी कामावर घेतले, काहींना तर रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. पुढे स्थानकाचे नावही किर्लोस्करवाडी झाले.

आज औंध सातारा जिल्ह्यात आहे, तर किर्लोस्करवाडी सांगलीच्या पलूस तालुक्यात.

पुढे काय झाले?

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेडची नोंदणी झाली. नांगरापाठोपाठ पंपही बनू लागले. सातारा शहरात धनजीशा कूपर यांनीही नांगर आणि पुढे डिझेल इंजिन बनवणारा कारखाना काढला. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. जन्मशताब्दीनिमित्त १९६९ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

मग स्टिअरिंगच्या तेलाचे काय?

हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगमध्येही एक पंप असतो. विहिरीवरचा सेंट्रिफ्युगल पंप पाणी फक्त पुढे ढकलतो. स्टिअरिंगच्या पंपात मात्र तेच तेल दाब देते, पात्यांना वंगण पुरवते, उष्णता वाहून नेते आणि रबरी सील सांभाळते. म्हणून तेल चुकले की पंप घरघरतो, सील फुगतात किंवा आक्रसतात आणि गळती सुरू होते.

- काही गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल, म्हणजे एटीएफ चालते. काहींना खास स्टिअरिंग तेल लागते, तर काहींना सिंथेटिक हायड्रॉलिक तेल. टाकीचे झाकण किंवा मालक पुस्तिका पाहा आणि त्यात लिहिलेलाच प्रकार घ्या.
- एटीएफ बहुधा लाल असते, पण प्रत्येक लाल तेल तुमच्या गाडीचे नसते. वापरून काळे पडलेल्या तेलाचा मूळ रंग तर कळतच नाही.
- ब्रेक ऑइल कधीही ओतू नका. ते ग्लायकॉलवर आधारित असते आणि स्टिअरिंगचे सील खराब करते.
- चुकीचे तेल पडलेच तर गाडी सुरू करू नका. मेकॅनिककडून सगळे तेल काढून घ्या.
- पातळी वारंवार उतरत असेल तर तेल ओतत राहू नका, आधी गळती शोधा.
- गाडीत इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग असेल तर बहुतेक वेळा तेलाचा प्रश्नच येत नाही.

रंग ओळखता येत नाहीत हे कळल्यावर लक्ष्मणरावांनी अंदाजावर काम चालवले नाही, मोजमापाच्या रेखाटनाचा रस्ता धरला. गाडीच्या बाबतीत ते मोजमाप झाकणावर आणि पुस्तिकेत छापलेले असते. तेल घेण्याआधी ते वाचायला दोन मिनिटे पुरतात.