इमर्सनचे दोन लाल दिवे

मी जतचा. आमच्याकडे टंचाई पाण्याची, उजेडाची नव्हे. त्यामुळे झाडाला कुणी विजेचं बिल भरून उजेड देत असेल हे मला बरीच वर्षं ठाऊकच नव्हतं. मग टिश्यू कल्चरची डाळिंबाची रोपं गावात आली आणि समजलं की ही बाटलीतली बाळं बंद खोलीत ट्यूबलाइटखाली वाढतात. कुठली ट्यूब? निळसर पांढरी की पिवळसर? डोळ्याला लख्ख दिसली म्हणजे पानालाही चालते का? याचा माग काढता काढता मला रॉबर्ट इमर्सन भेटला. बायोलॉजी घेतलेल्यांनी 'इमर्सन इफेक्ट' मार्कांपुरता पाठ केला असेल. माणूस मात्र पुस्तकात नसतो.

आधी आपल्या मुंबईचं सांगतो. फोर्टातल्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रा. दस्तूर आणि त्यांचे विद्यार्थी 1930 च्या दशकात पानांना कधी ऊन तर कधी विजेच्या दिव्याचा उजेड देऊन तुलना करत होते. दिव्याखाली पान कमी पडतं, कारण त्या उजेडात निळा-जांभळा भाग तोकडा असतो, असं त्यांनी मांडलं. म्हणजे नुसता उजेड किती हे पुरेसं नाही, त्यात कोणते रंग आहेत हेही बघायला हवं, ही चर्चा इथे तेव्हाच चालू होती.

इमर्सनचा जन्म 1903 चा, न्यूयॉर्कचा. वडील डॉक्टर, शहराच्या आरोग्य खात्याचे प्रमुख राहिलेले. हार्वर्डला शिकून पोरगा बर्लिनला गेला आणि 1927 मध्ये ऑटो वॉरबर्गच्या हाताखाली डॉक्टरेट झाला. वॉरबर्ग म्हणजे साधं नाव नव्हे, 1931 चा नोबेल विजेता. वायूचा दाब मोजून शेवाळाचा श्वास मोजायची विद्या इमर्सन त्याच्याकडेच शिकला. पुढे कॅलटेकला अर्नोल्ड नावाच्या विद्यार्थ्याबरोबर त्याने 1932 मध्ये शेवाळावर क्षणभराचे प्रकाशझोत टाकून दाखवलं की एका झोताला ऑक्सिजनचा एक रेणू सुटतो, पण त्यामागे हरितद्रव्याचे सुमारे 2400 रेणू असतात.

भांडण पुढे लागलं, आणि तेही गुरूशीच. ऑक्सिजनचा एक रेणू सोडायला प्रकाशाचे किती पुंज, म्हणजे फोटॉन लागतात? वॉरबर्ग म्हणे, चार. इमर्सन मोजी तर आठ ते बारा. आपल्या भाषेत हा एफिशियन्सीचा वाद. चार धरले तर पान लाल उजेडातली जवळपास दोन तृतीयांश ऊर्जा साठवतं, आठ धरले तर एक तृतीयांश. इमर्सनने चूक नेमकी पकडली होती. दिवा लावल्याबरोबर शेवाळ थोडा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं, आणि दाबमापकाला तो ऑक्सिजनच वाटतो. मॅनोमीटरला वायूचं नाव वाचता येत नाही, हे लॅबमध्ये बसलेल्या कुणालाही पटेल. 1948 मध्ये वॉरबर्ग स्वतः इलिनॉयला इमर्सनच्या प्रयोगशाळेत येऊन राहिला. काही महिने मोजमाप झालं, समेट झाला नाही. ज्याने हातात उपकरण दिलं त्यालाच, त्याच उपकरणाने, तुमचं चुकतंय म्हणायचं. आपल्याकडे ओरलला एवढं बोलून बघा!

मध्ये महायुद्धाची वर्षं. अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं होतं. मँझनारच्या छावणीतल्या अशा लोकांना बरोबर घेऊन इमर्सनने ग्वायुली या रबर देणाऱ्या झुडपावर काम उभं केलं. ज्यांना देश शत्रू समजत होता त्यांना त्याने सहकारी मानलं. मला हा भाग सगळ्यात आवडतो.

आता दिव्यांकडे. 1943 मध्ये इमर्सन आणि लुईस यांनी एक चमत्कारिक गोष्ट छापली होती. 680 नॅनोमीटरच्या पुढच्या गडद लाल उजेडात हरितद्रव्य प्रकाश शोषतं, पण काम एकदम ढेपाळतं. खातं, पण राबत नाही. 1957 मध्ये उलगड्याची वाट दिसली. त्या गडद लाल उजेडाच्या जोडीला थोड्या कमी तरंगलांबीचा उजेड दिला, तर दोन्ही मिळून सुटणारा ऑक्सिजन वेगवेगळ्या बेरजेपेक्षा जास्त भरला. एक अधिक एक, दोनाहून जास्त.

साध्या ट्यूबचा वर्णपट काढून बघा. पाऱ्याच्या 436 च्या निळ्या आणि 546 च्या हिरव्या रेषा, मध्ये पावडरचा पिवळा-नारिंगी फुगवटा, आणि 700 च्या आसपास जवळपास सामसूम. डोळ्याला हिरवा-पिवळा भाग सर्वांत उजळ दिसतो, म्हणून ट्यूब आपल्यासाठी बनलेली, पानासाठी नाही. म्हणून झाडं वाढवणारे निळसर ट्यूबशेजारी पिवळसर ट्यूब लावत, आणि वाढखोल्यांत ट्यूबच्या ओळीत मुद्दाम साधे तारेचे बल्बही असत. वीज खाणारा, तापणारा बल्ब कशाला, असं वाटेल. पण गडद लाल उजेड तोच देई. झाडाची उंची आणि फुलोराही त्या उजेडावर हलतो, तो वेगळा विषय. आता हेच रंग एलईडीत हवे तसे निवडून मिळतात.

इमर्सनला पुढचं बघायला मिळालं नाही. 3 फेब्रुवारी 1959 च्या मध्यरात्रीच्या सुमारास शिकागोहून न्यूयॉर्कला जाणारं त्याचं विमान ईस्ट नदीत कोसळलं. वय 55. अलाहाबादहून त्याच्याकडे शिकायला आलेले गोविंदजी अर्ध्या वाटेवर पोरके झाले; त्यांनी रॅबिनोविचकडे तोच धागा पुढे नेऊन 1960 मध्ये पीएचडी पुरी केली. त्याच वर्षी केंब्रिजच्या हिल आणि बेंडल यांनी चित्र मांडलं: पानात प्रकाशाची दोन यंत्रं एकामागे एक जोडलेली, म्हणून दोन लाल दिवे. ऑक्सिजनच्या एका रेणूमागे चार इलेक्ट्रॉन, प्रत्येकाला दोनदा ढकलायचं. झाले आठ. वॉरबर्गने 1970 मध्ये मरेपर्यंत ते मान्य केलं नाही.