विश्लेषण : हँगिंग गार्डनमधली कुस्ती कॅमेऱ्यात पकडणारे सावे दादा कोण होते?

कुरुंदवाडच्या घाटावर संध्याकाळी उन्हं कलली की मोबाइल बाहेर निघतात. नदीचं पाणी, पायऱ्यांवर बसलेली माणसं, बाजारातली गर्दी, जत्रेतलं कुस्तीचं मैदान, यातलं काहीही रील होऊन स्टेटसला जातं. रोजचं साधं दृश्यही टिपण्यासारखं असतं, हे आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही.

सव्वाशे वर्षांपूर्वी तसं नव्हतं. फोटो म्हणजे स्टुडिओतली खुर्ची, मागे रंगवलेला पडदा आणि श्वास रोखून बसलेलं कुटुंब. शहराचे फोटोही निघत, पण त्यात बड्या इमारतींचा भरणा. अशा काळात मुंबईतल्या एका मराठी फोटोग्राफरने स्टुडिओबाहेर येऊन चालत्याबोलत्या शहरावर कॅमेरा रोखला. त्याने पहिल्यांदा टिपली ती कुस्ती. कोल्हापूरकरांना एवढं कारण पुरेसं आहे! हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर हे त्यांचं नाव. लोक त्यांना सावे दादा म्हणत.

सुरुवात कशी झाली?

सावे दादांचा जन्म १५ मार्च १८६८ रोजी मुंबईत झाला. फोटोग्राफी हा त्यांचा व्यवसाय. शहरात त्यांचा स्टुडिओ होता आणि तो बरा चालत होता. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं मुंबईत आली. पहिला खेळ वॉटसन हॉटेलात झाला. तिकीट एक रुपया, फिल्म सहा. आठवडाभरात हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरमध्ये हलले आणि तिकिटं चार आण्यांपासून मिळू लागली.

त्या सहा फिल्ममध्ये कथा नव्हती. स्टेशनात शिरणारी आगगाडी, कारखान्यातून सुटलेले कामगार, भिंत पाडणारे मजूर, समुद्रात डुंबणारी माणसं, असला सगळा मामला. ल्युमिएर कुटुंबाचा फ्रान्समध्ये फोटोच्या काचा बनवण्याचा कारखाना होता, म्हणजे तेही मुळात फोटोच्याच धंद्यातले. बहुतेक प्रेक्षक आगगाडी हलते याचंच नवल करत राहिले असतील. सावे दादांनी त्यात एक धंद्याची गोष्टही हेरली : आगगाडी आपल्याकडेही आहे, कामगारही आहेत, फक्त कॅमेरा नाही.

कॅमेरा किती रुपयांचा होता?

त्यांनी इंग्लंडहून रायली कंपनीचा कॅमेरा मागवला. किंमत २१ गिनी. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग आणि तेव्हा एक पौंड साधारण १५ रुपयांना, हा हिशेब केला तर ३३० रुपयांच्या आसपास. त्या काळी ही रक्कम छोटी नव्हती. त्यात मुंबईची स्थितीही बिकट होती. १८९६च्या पावसाळ्यातच शहरात प्लेग शिरला, लोक गावं गाठू लागले आणि पुढची काही वर्षं साथ पुन्हा पुन्हा उसळत राहिली. अशा दिवसांत हा माणूस विलायती यंत्रात पैसे घालत होता.

नोव्हेंबर १८९९मध्ये मलबार हिलवरच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी या दोन पैलवानांची कुस्ती झाली. सावे दादांनी ती चित्रित केली. भारतीय माणसाने भारतात केलेल्या अगदी सुरुवातीच्या चित्रीकरणांत तिची गणना होते. ‘पहिला कोण’ या वादात कोलकात्याच्या हिरालाल सेन यांचंही नाव येतं. तो वाद इथे बाजूला ठेवू, कारण सावे दादांचं वेगळेपण निराळ्या ठिकाणी आहे.

कुस्तीच का?

तांत्रिक बाजू पाहिली की ही निवड किती नेमकी होती ते कळतं. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चित्रं बसतात आणि तेव्हा हाताने दांडा फिरवून सेकंदाला साधारण १६ चित्रं घेतली जात. म्हणजे दर सेकंदाला एक फूट फिल्म खर्ची! रीळ मिनिट-दीड मिनिटात संपायचं. झूम नाही, आवाज नाही, विजेचे दिवे नाहीत. कॅमेरा तिकाटण्यावर जागच्या जागी उभा.

अशा वेळी एका चौकटीत मावेल, उन्हात घडेल आणि थोडक्या वेळात बघणाऱ्याला गुंतवेल, असं दृश्य हवं. दोन पैलवानांची झटापट या तिन्ही अटींत बसते. कॅमेरा कुठे ठेवायचा, ऊन कुठल्या बाजूने घ्यायचं, माणसं किती अंतरावर हवीत, हे फोटोग्राफरचे रोजचे प्रश्न. ते सुटलेले होते म्हणून बाकीचं जमलं. सिनेमाच्या इतिहासात सावे दादांचं नाव पहिल्या पानावर घेतात, पण त्यांच्यातल्या फोटोग्राफरला फारसं श्रेय देत नाहीत. ते द्यायला हवं.

चित्रीकरण झालं तरी काम संपत नव्हतं. फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागे. बोटीने जाऊन परत येईपर्यंत निदान महिना जायचा. दृश्य नीट आलं की काळं पडलं, हे तोवर कळत नसे. आज शटर दाबताच फोटो दिसतो आणि नाही आवडला तर तिथल्या तिथे डिलीट होतो. ती सोय सावे दादांकडे नव्हती. दरम्यान त्यांनी एक प्रोजेक्टर मिळवला आणि परदेशी फिल्मचे खेळ लावायला सुरुवात केली. मग त्या फिल्मच्या जोडीला स्वतःच्याही दाखवू लागले.

त्यांची दुसरी फिल्म माकडांना खेळवणाऱ्या मदाऱ्याची. मुंबईच्या रस्त्यावर रोज दिसणारं आणि म्हणूनच कुणी थांबून न पाहणारं दृश्य. ते पडद्यावर बघायला तोच मुंबईकर पैसे मोजून आला.

पुढे काय टिपलं?

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर झाले. डिसेंबर १९०१मध्ये ते मायदेशी परतले, तेव्हाचं मुंबईतलं स्वागत सावे दादांनी चित्रित केलं. देशातलं पहिलं वार्ताचित्र म्हणून त्याचा उल्लेख होतो. रँग्लर परांजप्यांना बघायला लोटलेली ती गर्दीही शहराचंच दृश्य होती. १९०३चा लॉर्ड कर्झनचा दिल्ली दरबारही त्यांच्या नावावर आहे. मात्र तिथे थाट सरकारचा होता आणि दृश्य आयतं होतं. हँगिंग गार्डन आणि मदाऱ्याच्या फिल्मचं मोल त्याहून जास्त, कारण तिथे काय बघण्यासारखं आहे हे त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं.

या फिल्म आज कुठे आहेत?

कुठेच नाहीत. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती चटकन पेट घेते आणि नुसती ठेवली तरी हळूहळू चिकट होऊन तिची भुकटी होते. शिवाय फिल्म हा विक्रीचा माल होता. खेळ लावून लावून ती झिजे, तुटे आणि मग टाकून दिली जाई. हिरालाल सेन यांच्या फिल्मही १९१७मध्ये आगीत गेल्या. २०१९च्या महापुरात शिरोळ तालुक्यात घराघरांत पाणी शिरलं होतं, त्यामुळे चित्र नष्ट होणं म्हणजे काय ते इथल्या लोकांना वेगळं समजवायला नको. सावे दादांची मुंबई आता फक्त फिल्मच्या नावांच्या यादीत उरली आहे.

त्यांनी कॅमेरा का सोडला?

भावाच्या निधनानंतर त्यांचा या कामातला उत्साह गेला, असं सांगितलं जातं. यंत्र आनंदराव करंदीकर यांच्याकडे गेलं आणि पुढे श्रीनाथ पाटणकर यांच्यासारख्या नव्या मंडळींच्या हाती आलं. सावे दादा बोरीबंदरजवळच्या गेटी थिएटरचं व्यवस्थापन पाहू लागले. हेच थिएटर नंतर कॅपिटॉल झालं. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत लागला, तेव्हा सावे दादा पंचेचाळीस वर्षांचे होते. त्यानंतर बोलपट आले, रंगीत चित्रपट आले. त्यांनी पुन्हा चित्रीकरण केलं नाही.

२० फेब्रुवारी १९५८ रोजी त्यांचं निधन झालं. नव्वदी पूर्ण व्हायला तेवीस दिवस बाकी होते.