सॅम्युएल स्टोक्स व कोटगढची बाग

हिमाचल प्रदेशांत आज सफरचंदांचा जो मोठा व्यापार चालतो, त्याच्या उगमाशीं एका घरची बाग आहे. ती बाग लावणारे सॅम्युएल इव्हान्स स्टोक्स यांचें चरित्र शेतकरी वाचकांस मननीय वाटेल.

स्टोक्स यांचा जन्म १६ ऑगस्ट १८८२ रोजीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथें एका सधन क्वेकर घराण्यांत झाला. १९०४ सालीं ते हिंदुस्थानांत आले व सिमला पहाडांतील सबाथू येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रमांत सेवा करूं लागले. १९०५ सालीं कांगड्यास भयंकर भूकंप झाला, तेव्हां ते संकटग्रस्तांच्या साह्यास धांवले. पुढें १९१२ सालीं कोटगढ येथील आग्नेस नांवाच्या ख्रिस्ती कन्येशीं त्यांनीं विवाह केला, जवळच ठाणेदार गांवीं जमीन घेतली, आणि ते डोंगरकरी शेतकरी बनले.

तेथील उतरणीवरच्या शेतांत धान्य पिके, तें जेमतेम पोटापुरतें. कुलूच्या खोऱ्यांत १८७० च्या सुमारास कॅप्टन ली या इंग्रज गृहस्थानें सफरचंदें लाविलीं होतीं. परंतु तीं विलायती जातींचीं, आंबटसर, म्हणून एतद्देशीयांस फारशीं रुचत नसत. आपल्या लोकांस गोड फळ हवें, हें स्टोक्स यांनीं ओळखिलें. १९१६ सालीं त्यांनीं अमेरिकेहून ‘रेड डेलिशस’ या गोड व लाल जातीचीं रोपें आणून स्वतःच्या बागेंत लाविलीं. पुढें १९२१ च्या नाताळांत त्यांच्या मातोश्रींनीं ‘गोल्डन डेलिशस’ या पिवळ्या जातीचीं रोपें भेट म्हणून धाडिलीं.

सफरचंदाचें बीं पेरिलें तर झाड येतें, पण फळ मूळ झाडासारखें निघेलच असा भरंवसा नसतो; म्हणून चांगल्या झाडाची काडी दुसऱ्या रोपावर बांधून कलम करावें लागतें. शिवाय फळ धरावयास कित्येक वर्षें लागतात. तोंवर मुलांबाळांनीं खावें काय, या भीतीनें शेजारी आपल्या धान्याच्या शेतांत झाडें लावण्यास कचरत. त्यांची भीति खोटी नव्हती. स्टोक्स यांनीं त्यांस नुसता उपदेश केला नाहीं. त्यांनीं आधीं आपल्या जमिनींत फळ धरून दाखविलें, नंतर शेजाऱ्यांस रोपें वांटलीं व झाडांची निगा शिकविली.

परंतु ऐन पेरणी-कापणींत सरकारी वेठीस धरून नेलेल्या मनुष्यानें बाग राखावी कशी? अधिकाऱ्यांचीं ओझीं वाहण्याच्या या वेठीविरुद्ध स्टोक्स यांनीं लोकांस संघटित केलें, आणि १९२१ सालीं तीस आळा बसला. त्याच वर्षीं राष्ट्रीय चळवळींत भाग घेतल्यामुळें त्यांस सहा महिन्यांचा कारावास झाला. १९३२ सालीं त्यांनीं हिंदु धर्म स्वीकारून सत्यानंद हें नांव धारण केलें. ख्रिस्ती वाचकांस हें वाचून खेद वाटेल, तथापि चरित्र सांगतांना तें लपविणें योग्य नव्हे.

१४ मे १९४६ रोजीं त्यांचें देहावसान झालें. तोंवर कोटगढचीं सफरचंदें बाजारांत नांवाजलीं होतीं; आणि ज्या उतरणींवर पूर्वीं पोटापुरतें धान्य निघे, तेथें शेतकऱ्यांच्या हातीं रोकड पैसा येऊं लागला होता. गोड फळ त्यांच्या एकट्याच्या कुंपणांत राहिलें असतें, तर ते केवळ एक सधन बागाइतदार ठरते. रोप शेजाऱ्याच्या बांधापलीकडे गेलें, म्हणून सारा डोंगर त्यांचें नांव घेतो.