रणछायाचित्रकार रॉबर्ट कापा

हंगेरीतील बुडापेस्ट नगरीत २२ ऑक्टोबर १९१३ रोजी एका यहुदी शिंप्याच्या घरी एंद्रे फ्रीडमान जन्मास आला. राजकीय चळवळीमुळे १९३१ साली त्याला मायदेश सोडावा लागला. बर्लिनमध्ये, आणि हिटलरच्या उदयानंतर पॅरिसमध्ये, त्याने छायाचित्रणावर कशीबशी गुजराण केली. तेथे तो व त्याची सहचरी गेर्डा टारो ह्यांनी रॉबर्ट कापा नावाचा एक नामांकित अमेरिकन छायाचित्रकार असल्याची हूल उठविली. हूल उघडी पडली, नाव मात्र त्याला कायमचे चिकटले! गेर्डा १९३७ साली स्पेनच्या युद्धात रणगाड्याखाली सापडून मरण पावली.

कापा युद्धात काँटॅक्स जातीचे कॅमेरे वापरी. त्याच्या दृश्यखिडकीत वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. भिंग फिरवून त्या एकमेकींवर बसविल्या की चित्र रेखीव येते. एका रिळात चित्रे छत्तीस. ती संपली की फिल्म उलट गुंडाळून डबीत घ्यावयाची, बुडाच्या दोन कळा फिरवून पाठ व बूड एकसंध काढावयाचे, नवी डबी कप्प्यात बसवून फिल्मचे टोक पलीकडच्या रिळाच्या खाचेत खोवावयाचे, पाठ चढवून कळा लावावयाच्या आणि उजेड लागलेला भाग पुढे जावा म्हणून एकदोनदा खटका फुकट दाबावयाचा. टोक खाचेतून निसटले तर पुढे कितीही खटके दाबा, आत काही उमटत नाही. हातातील दूरध्वनीवर हवी तितकी चित्रे टिपणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना ही कसरत सांगूनच कळावयाची.

६ जून १९४४ रोजी अमेरिकन सैनिकांबरोबर कापा फ्रान्समधील नॉर्मंडीच्या पुळणीवर उतरला. समोरून जर्मन तोफा व बंदुका आग ओकीत होत्या. पुढे आपल्या आठवणींत त्याने लिहिले, की रीळ संपले, नवे भरू गेलो तो ओल्या, कापऱ्या हातांनी ते आत जाण्यापूर्वीच नासले. रिकामा कॅमेरा घेऊन तो परतीच्या नावेकडे धावला. त्या दिवसाची जेमतेम दहाअकरा चित्रे उरली. लंडनमधील एका पोराने फार ऊब देऊन बाकीची वितळविली असे वर्षानुवर्षे सांगत. अलीकडील अभ्यासक हे मानीत नाहीत. मुळात थोडीच चित्रे घेतली गेली असावीत असे त्यांचे म्हणणे, व आम्हांस तेच अधिक पटते. भीती वाटली हे त्याने स्वतः लपविले नाही, मग त्या पोरावर खापर कशाला?

१९४७ साली त्याने सहकाऱ्यांसह मॅग्नम ही छायाचित्रकारांची संस्था स्थापिली. २५ मे १९५४ रोजी व्हिएतनाममध्ये तो फ्रेंच सैन्याबरोबर चालला होता. जवळ दोन कॅमेरे होते. काँटॅक्समध्ये कृष्णधवल फिल्म, निकॉनमध्ये रंगीत. शेतातून पुढे जाणाऱ्या सैनिकांची पाठमोरी चित्रे घेऊन तो बांधाकडे वळला आणि त्याचा पाय भूसुरुंगावर पडला. वय अवघे चाळीस. दोन्ही कॅमेऱ्यांतील फिल्म मागाहून धुतली, तेव्हा ते सैनिक तिच्यावर स्वच्छ उमटलेले दिसले.