थिबा राजा आणि रत्नागिरीचा राजवाडा

रत्नागिरीच्या टेकडीवर, भाट्याची खाडी आणि तिच्यापलीकडचा अरबी समुद्र जेथून दृष्टीस पडतो, तेथे एक तांबूस तिमजली वास्तू उभी आहे. लोक तिला थिबा राजाचा राजवाडा म्हणतात. वस्तुतः तो राजाने आपल्या वैभवासाठी उभारलेला नव्हे; ज्यांनी त्याला बंदिवान केले, त्यांनीच तो त्याच्या निवासासाठी बांधून दिला.

ब्रह्मदेशाचा राजा मिंडॉन याचा हा पुत्र १८५९ साली जन्मला. विहारात राहून त्याने बौद्ध धर्मग्रंथांचे अध्ययन केले. १८७८ मध्ये त्याला गादी मिळाली ती अंतःपुरातील कारस्थानांमुळे. पुढल्याच वर्षी राजकुलातील अनेकांची हत्या झाली. सूत्रे सासूच्या हाती होती असे मानले जाते. तथापि राजा या नात्याने थिबाला त्या पातकाच्या जबाबदारीतून मुक्त करता येत नाही. इंग्रजांनी या क्रौर्याचा डांगोरा पिटला खरा, परंतु १८८५ च्या युद्धामागे न्यायबुद्धी नव्हती. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनला सागवानाच्या व्यवहारात झालेला दंड हे निमित्त होते आणि फ्रेंचांच्या वाढत्या प्रभावाची धास्ती हे कारण. जेमतेम पंधरवड्यात मंडाले पडले.

राणी सुपयालतसह राजाला मद्रासमार्गे १८८६ मध्ये रत्नागिरीस आणण्यात आले. तनखा अपुरा पडे, कर्ज वाढत जाई आणि हालचालींवर सरकारी पहारा असे. चोवीस वर्षे सरकारने दिलेल्या बंगल्यांत काढल्यावर १९१० मध्ये त्याला हा राजवाडा लाभला. उतरती छपरे आणि कोरीव लाकूडकाम यांनी तो नटलेला होता. उणीव होती ती केवळ राज्याची.

योगायोग असा की, याच काळात, १९०८ ते १९१४ या वर्षांत, रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. एकाच सत्तेने राजाला लोकमान्यांच्या जन्मगावी आणि लोकमान्यांना राजाच्या राजधानीत डांबले होते. दोघांच्या योग्यतेत महदंतर होते. परंतु माणसाला त्याच्या भूमीपासून तोडले की त्याचे बळ खचते, हा सत्ताधाऱ्यांचा हिशेब दोन्हीकडे सारखाच होता. लोकमान्यांच्या बाबतीत तो चुकला. त्यांनी कारावासात गीतारहस्य लिहिले आणि ते स्वदेशी परतले. थिबाच्या बाबतीत तो खरा ठरला.

अवघी सहा वर्षे या वाड्यात काढून डिसेंबर १९१६ मध्ये थिबा निवर्तला. १९१९ मध्ये सुपयालतला मायदेशी परतता आले. पतीचा देह मात्र नेता आला नाही. त्याची समाधी आजही रत्नागिरीतच आहे. राजवाडा पाहणाऱ्याने तेथवर गेल्याखेरीज ही कथा पुरी होत नाही.